उतरलेल्या माणसांचा पैसा

अक्का, तुला जाऊन एकोणीस दिवस झाले नाहीत तोवर तुझ्या नावावर खोटं खपायला लागलंय. आणि त्या खोट्याचा धनी मी आहे.

परवा मोठ्या साहेबांनी मीटिंग लावली. पडद्यावर सगळी स्टेशनं, चौकोनाचौकोनात एकेक काळजीतलं तोंड. आपल्या कंपनीची विमानं मुळात तीन. त्यातलं एक इंजिनाच्या सुट्या भागासाठी दोन महिने उभं आहे, इंधन महागलंय, आणि तुझ्या भाषेत सांगायचं तर डब्यात सोळा दिवसांचा शिधा आहे. साहेब म्हणाले, सेल काढू. पुढच्या अख्ख्या वर्षाची तिकिटं एका आठवड्यात निम्म्या दरानं विकून टाकू, पैसा आत्ता येईल, विमानाचं पुढं बघता येईल. मी म्हणालो, "सर, अक्का असत्या तर नको म्हणाल्या असत्या." तर ते हसले. "अक्कांनीसुद्धा एकदा परवानगी दिली होती की. टाळेबंदीत, तुमच्या गावच्या त्या बायकांच्या ग्रुपला पुढची तिकिटं विकायची. अडचणीत नियम वाकवावा लागतो, हे त्यांना कळत होतं. आता तुम्हालाही कळायला पाहिजे, कारण त्यांच्या खुर्चीवर मी तुम्हालाच बसवणार आहे."

माझ्या कानात शिट्टी वाजली. तू परवानगी दिली होतीस? तू? त्या परवानगीपायीच तुला संचालक करायचं राहिलं, हेही साहेबांनी बोलण्याच्या ओघात सांगून टाकलं. सेलच्या कागदावर तुझ्या जागी मी उद्या सकाळी अकराला सही करायची आहे. म्हणून दुपारचं तिरुपतीचं विमान मार्गी लावलं आणि तुझ्या खोलीत येऊन बसलो. तुझ्याशी भांडल्याशिवाय मला कधी काही सुचलंय काय?

तू आलीस तेव्हा मी कोल्हापूरच्या विमानतळावर आपल्या कंपनीचा स्टेशन मॅनेजर होतो. म्हणजे नाव मोठं; बॅगा मोजणं, प्रवाशांच्या शिव्या खाणं आणि वारं कुठलं आहे ते विचारत बसणं, हेच काम. कंपनीचा सगळा पैसा बघायला कोणीतरी बाई येणार, एवढं कळलं होतं. त्यांनी तुला मोठ्या शहरात काचेचं ऑफिस दिलं होतं म्हणे. तू त्यांना सांगितलंस, "नेसरीला माझी अव्वा, म्हातारी आई, एकटी हाय. मी कोल्हापुरातनंच पैसा बघतो. पैसा काय खिडकीतनं बघायचा असतोय?" आणि आमच्या सामानाच्या खोलीशेजारची ही आठ बाय दहाची जागा घेतलीस. मी पहिल्या दिवशी "मॅडम, तुम्ही चहा घेणार का?" असं अदबीनं विचारलं, तर म्हणालीस, "मॅडम-बिडम न्हाय. घरात मला अक्का म्हणत्यात. आणि मला कुणी तुम्ही म्हटलं की मागं कोण उभं हाय ते बगावं वाटतंय." त्या दिवसापासून तू अक्का आणि मी तम्मा, तुमच्या कन्नडमधला धाकटा भाऊ. मला सख्खी बहीण नाही, ही उणीव तू न विचारता भरून काढलीस, आणि सख्ख्या बहिणीसारखा छळही केलास.

आपल्याकडच्या बायकांसारखं "मी सांगतो, मी बगतो" असं तू मीटिंगमध्येही बोलायचीस. मुंबईचे साहेब सुरुवातीला दचकायचे. नंतर दचकायचे ते तुझ्या प्रश्नांना.

रोज सकाळी आठला सगळ्या स्टेशनांना तुझा फोन. "काल किती उतरले?" किती तिकिटं विकली, हे तू विचारायचीसच नाहीस. किती चढले, हेही नाही. चढलेलं माणूस पोचेपर्यंत त्याचा पैसा आपला नव्हे, असं तुझं म्हणणं. विकलेल्या तिकिटांचा पैसा एका खात्यात, आणि माणूस पलीकडं सुखरूप उतरलं की मगच तो दुसऱ्या खात्यात. खर्च करायचा तो दुसऱ्या खात्यातून. मला आधी वाटायचं, ही बाई जरा कमी आहे. सबंध दुनियेतल्या स्वस्त विमान कंपन्या पुढच्या तिकिटांच्या पैशावर आजचं इंधन भरतात, आणि ही आमची नेसरीची अक्का!

मग एकदा तू सांगितलंस. तुझी पहिली नोकरी गावच्या दूध संस्थेत होती. शेतकरी रोज दोन वेळचं दूध घालणार, संस्था ते वर पाठवणार, आणि शेतकऱ्याला दूधबिल मिळणार दहा दिवसांनी. "मधले दहा दिवस पैसा आपल्या पेटीत असतोय, तम्मा. पेटीत हाय म्हणून आपला हुतोय काय? आमच्या शेजारच्या गावात एका सेक्रेटरीला तसं वाटलं. त्यानं त्यातनं संस्थेला नवी इमारत बांधली. इमारत झकास झाली. बिलाच्या दिवशी बायका किटल्या घेऊन दारात." एवढं बोलून तू चहा पिऊ लागलीस. त्या संस्थेचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

वाद मात्र आपला कधी मिटला नाही. मी म्हणायचो, "अक्का, मोठमोठ्या कंपन्या असंच चालवतात." तू म्हणायचीस, "चालवत्यात की. आणि ज्या बुडाल्या त्या पण असंच चालवत हुत्या." मी म्हणायचो, पुढची तिकिटं विकलीच नाहीत तर गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल. तू म्हणायचीस, विक, पण तेवढीच विक जेवढ्याला विमान नक्की हाय. आणि दरवेळी तुझंच खरं असायचं असंही नाही हं, उगाच वर बसून गालात हसू नकोस. बुधवारचं हैदराबादचं विमान तू बंद केलंस, निम्मं रिकामं जातं म्हणून. मी काउंटरवर उभा असायचो, मला माहीत होतं ती निम्मी माणसं कोण ते. गडहिंग्लज, कागल, पार निपाणीपर्यंतचे पेशंट, तिथल्या मोठ्या डॉक्टरला दाखवायला जाणारे. तुझ्या टेबलावर हात आपटून बोललो तेव्हा. दुसऱ्या बुधवारी विमान चालू. आकड्यात माणूस दिसत न्हाय कधीकधी, एवढंच म्हणालीस. त्या एका वाक्यासाठी मी तुझे शंभर हेके माफ केले असते.

टाळेबंदी आली आणि विमानं जमिनीला टेकली. काल किती उतरले? शून्य. परवा? शून्य. तरी तू रोज आठला फोन करायचीसच. लोक म्हणायचे बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. परिणाम कसला, तू तेव्हा घोरपडीसारखी चिकटली होतीस. ज्या परदेशी कंपनीची विमानं आपण भाड्यानं घेतली होती ती म्हणाली, भाडं द्या नाहीतर विमानं परत नेतो. तू फोनवर तुझ्या त्या खडबडीत इंग्रजीत म्हणालीस, न्या की. नेऊन लावणार कुठं? जगात सगळीकडं उभीच आहेत. आमच्याकडं निदान कोणीतरी रोज टायरात हवा बघतंय. आणि मग हळूच दुसरी गोष्ट काढलीस. महिन्याचं भाडं नको, जेवढे तास उडेल तेवढ्या तासांचं घ्या. महिना लागला, पण त्यांनी मानलं. पगार कापायची वेळ आली तेव्हा वरून कापलास. साहेबांचा निम्म्यावर, तुझा निम्म्यावर, माझा पाऊण. बॅगा उचलणाऱ्या पोरांच्या पगाराला हात लावला नाहीस. "ती पोरं महिन्याच्या महिन्याला जगत्यात. ती गेली की परत मिळायची न्हाईत. आणि साहेब कुठं जायचेत?" हे तू साहेबांच्या तोंडावर बोललीस. आपल्यापेक्षा दसपट मोठी कंपनी त्या काळात झोपली, आपण तीन विमानांची माणसं तगलो, ते काही देवाच्या कृपेनं नव्हे.

आणि नेमकं त्यातच मी शेण खाल्लं.

पहिली लाट ओसरली, विमानं सुरू झाली, पण निम्मी रिकामी. इंधनवाले रोज सकाळी रोख मागायचे, मग टाकी भरायचे. तुझा हुकूम होता, तीस दिवसांच्या पुढचं एकही तिकीट विकायचं नाही, सरकार परत कधी दार लावेल सांगता येत नाही. एका बुधवारी मला तुझ्या बोलण्यावरून कळलं की शनिवारच्या इंधनाचं जमत नाही. माझं डोकं चाललं. आमच्या गडमुडशिंगीत बायकांची एक भिशी होती. छत्तीस जणी. त्यातल्या एकीनंही विमान आतून बघितलं नव्हतं. धावपट्टी गावाला लागून, रोज डोक्यावरून विमान, धुणं धुताना मान वर करून बघायचं एवढंच. त्यांची तिरुपतीला जायची इच्छा जुनी. बालाजी करायचा आणि परत येऊन अंबाबाईची ओटी भरायची. मी त्या भिशीत जाऊन बसलो आणि उन्हाळ्यातली छत्तीस तिकिटं विकून आलो. ग्रुपची तिकिटं स्टेशन मॅनेजरच्या अधिकारात असतात, ती पळवाट मला माहीत होती. पैसा सरळ इंधनाला गेला. शनिवार, रविवार, सोमवार विमानं उडाली. मी तीन दिवस स्वतःला कंपनीचा तारणहार समजत फिरत होतो.

उन्हाळ्यात दुसरी लाट आली. विमानं बंद. बाकीच्या कंपन्यांसारखं आपणही लोकांना पैशाऐवजी पुढच्या प्रवासाचं कूपन पाठवलं. त्या भिशीची म्होरकी छबूकाकी, आमच्या गल्लीतली, मला लहानपणी अंघोळ घातलेली बाई. तिचा नवरा दवाखान्यात, ऑक्सिजनवर. ती माझ्या दारात उभी राहिली, मोबाईल माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "सदा, ही चिठ्ठी दवाखान्यात चालंल काय रं?"

तिनं शिवी दिली असती तर परवडलं असतं.

तुला सांगण्यावाचून इलाज नव्हता. तू ऐकलंस. चष्मा काढून टेबलावर ठेवलास. मला वाटलं आता ओरडशील, तर म्हणालीस, "चल, गाडी काढ. पोलिसांनी अडवलं तर पास दाखवू." गावात आलीस, छबूकाकीच्या कट्ट्यावर लांब अंतरानं बायका बसवल्यास आणि सरळ सांगितलंस. "तुमच्या पैशाचं इंधन भरलं आणि ते जळलं. पेटीत काय न्हाय. माझ्याकडं खोटं सांगायला चांगले चांगले शब्द हायत, पण तुमी दूध घालणाऱ्या बायका हाय, तुमाला कळंल. तीन आठवडे द्या. पहिला पैसा येईल तो तुमचा." एक म्हातारी म्हणाली, "आणि पैसं न्हाय दिलंसा तर?" तू म्हणालीस, "तर नेसरीला या. माझी एक म्हस हाय, ती सोडून न्या." बायका हसल्या. मी मान खाली घालून उभा होतो.

छबूकाकीच्या दवाखान्याचा भरणा तू त्याच संध्याकाळी स्वतःच्या पगारातून केलास, हे तिनं मला नंतर सांगितलं. बाकीच्यांसाठी तू विमानातल्या खुर्च्या काढायला लावल्यास आणि औषधांच्या, यंत्रांच्या पेट्यांची वाहतूक मिळवलीस. कुठून कुठून फोन करून. विमानाला काय, माणूस असो नाहीतर पेटी. पेट्यांचा पहिला पैसा आला तेव्हा इंधनवाले दारात होते, भाडेवाले फोनवर होते, साहेब तर होतेच. तू आधी छत्तीस नावं काढलीस. अठराव्या दिवशी शेवटच्या बाईचे पैसे गेले. छबूकाकीचे मालक घरी आले, अजून सकाळी रानात जातात, तुझं नाव निघालं की आकाशाकडं हात जोडतात.

पण माझे अधिकार तू काढून घेतलेस. ग्रुपचं एक तिकीटसुद्धा तुला विचारल्याशिवाय नाही. मला झोंबलं. मी माझ्या तोऱ्यात म्हणालो, "अक्का, माझ्या त्या तीन दिवसांनी कंपनी वाचली, हे कबूल कर." तू म्हणालीस, "तीन दिवस विमानं उभी राहिली असती तर राहिली असती. उभ्या विमानाला लाज न्हाय वाटत." त्यानंतर चार महिने आपण आठच्या फोनशिवाय एकमेकांशी बोललो नाही. मी चहा एकट्यानं प्यायचो. तूही. चुकलो, हे तीन अक्षरी काम मला चार महिन्यांत जमलं नाही.

बोलणं परत सुरू झालं ते टकल्यांमुळं. तिरुपतीहून एकाच घरातले नऊ जण मुंडण करून परत यायला निघाले, आणि तिथला नवीन पोरगा ओळखपत्राचा फोटो जुळत नाही म्हणून त्यांना आत सोडेना. त्यानं मला फोन केला, मी घाबरून तुला लावला. तू एवढी हसलीस, एवढी हसलीस की फोन हातातून पडल्याचा आवाज आला. "अय्यो तम्मा, नऊच्या नऊ टकली काय चोरून आणल्यात व्हय?" मग मीही हसलो. त्या विषयावर आपण पुन्हा बोललो नाही. मला वाटलं, मिटलं.

आता कळतंय, मिटलं नव्हतं, तू ते उचलून स्वतःच्या पदरात घेतलं होतंस. साहेबांनी विचारलं असणार, नियम कुणी मोडला. मी मोडला म्हटलं असतंस तर त्या दिवसांत माझी नोकरी गेली असती. तेव्हा पोरीच्या कॉलेजची फी होती, आबा अंथरुणाला होते, तुला सगळं माहीत होतं. वर्षानं तुला संचालक करायचं निघालं आणि बारगळलं. मी विचारलं तर म्हणालीस, "मला नको असली खुर्ची, पाठ दुखती." आणि मी खुळा, ते खरं धरून बसलो! अगं, एकदा तरी सांगायचंस की. एकदा तरी माझ्या तोंडावर फेकायचंस. मला तुझा राग येतोय, आणि हा राग घेऊन जाऊ कुठं?

नेसरीला तुला तुमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणं बसवून माती दिली. कपाळभर विभूती, मांडी घातलेली, मीटिंगला बसल्यासारखी. तुझी अव्वा कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत होती. मी जंगमस्वामींना विचारलं काय म्हणतात. ते म्हणाले, विचारतात, पोरगी जेवून गेली काय. मी तिथून बाजूला झालो.

दुसरा दिवस. मीटिंग झाली, अक्का.

मी साहेबांना सांगितलं, सेलच्या कागदावर मी सही करणार नाही. ते म्हणाले, "पण अक्कांनी...." मी त्यांना मध्येच तोडलं. म्हटलं, अक्कांनी कधी परवानगी दिली नव्हती. मी त्यांना न विचारता तिकिटं विकली. अक्कांना कळलं तेव्हा इंधन जळून गेलं होतं. त्यांनी मला वाचवायला तुम्हाला खोटं सांगितलं, त्यांच्या आयुष्यातलं बहुतेक ते एवढंच खोटं असेल. आणि चिठ्ठी दवाखान्यात चालेल काय, हेही सांगितलं. छबूकाकीचं नाव घेऊन सांगितलं. आमच्या काउंटरवरची मुलगी दाराशी आली होती, ती तिथंच थांबली.

साहेबांनी सेलचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "ठीक आहे. सेल नाही तर पैसा कुठून आणायचा?" मी काही तुझ्याएवढा हुशार नाही, पण एवढी वर्षं तुझ्या शेजारी बसलोय. म्हटलं, उभ्या विमानाचं भाडं कशाला भरतोय, टाळेबंदीतल्यासारखं परत तासावर आणू, मी स्वतः बोलतो त्यांच्याशी. गुरुवारच्या दोन विमानांची माणसं एकात बसतात. पगार कापायचा तर वरून, माझ्यापासून. आणि तिकिटं साठ दिवसांपर्यंत विकू. हो, साठ. तुझं तीस मला अजूनही पटत नाही, टाळेबंदी संपली, बाई, आता विमान बंद करायला सरकार बसलेलं नाही. भांडायचं तर भांड. नांदेडच्या स्टेशनवरचा माणूस म्हणाला, तो शुक्रवारी पेट्यांची वाहतूक मिळवून देऊ शकेल. मग दुसरा बोलला, मग तिसरी. साहेबांनी तीन आठवडे दिले. सोमवारी भाडेवाल्यांशी बोलणं ठरलं. मला वाटतंय, निघू यातनं. खरंच वाटतंय.

खुर्चीचं नंतर बघू, म्हणाले साहेब. मी म्हटलं, बघा.

उठता उठता त्यांनी सेक्रेटरीला जुन्या नोंदीत दुरुस्ती करायला सांगितली. ती परवानगी अक्कांची नव्हती, असं लिहा. ती टाइप करता करता थांबली आणि म्हणाली, "मग कुणाची लिहू, सर? स्टेशन मॅनेजर, कोल्हापूर, एवढंच लिहू का?"

"पूर्ण नाव लिहा," मी म्हणालो. "सदाशिव ज्ञानू चौगुले. राहणार गडमुडशिंगी." आणि सगळ्या स्टेशनांसमोर मला रडू आलं, अक्का. मी पुसलं नाही.